अँडोव्हरला थांबू नका

प्रति,
न्यू जर्सी ट्रान्झिटचे संचालक मंडळ, अ‍ॅमट्रॅकचे नियोजन अधिकारी आणि पेनसिल्व्हेनिया नॉर्थईस्ट रिजनल रेलरोड अथॉरिटीचे सदस्य यांस,

सादर नमस्कार.

मी डेनव्हिलला राहते आणि बावीस वर्षे मॉरिस अँड एसेक्सच्या गाडीने न्यूयॉर्कला कामावर जाते. माझे वडील कर्जतला मध्य रेल्वेत गँगचे मुकादम होते. पळसदरी ते मंकी हिल हा त्यांचा टापू. पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती असली की रात्रभर कंदील घेऊन रुळांवरून चालायचे आणि पहाटे घरी आल्यावर आईला एवढेच सांगायचे, "गाड्या गेल्या." गाड्या गेल्या म्हणजे रात्र नीट गेली, असा आमच्या घरचा हिशेब. त्या घरात वाढल्यामुळे असेल, पण रूळ उखडून नेलेली वाट माझ्याने बघवत नाही. अशी एक वाट माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर आहे. तिच्याबद्दलच हे पत्र.

मागणी एकच आहे. पोर्ट मॉरिसपासून डेलावेअर नदीपलीकडच्या स्लेटफर्डपर्यंत लॅकवाना कट-ऑफ नावाचा जो जुना, आता रूळ नसलेला रेल्वेमार्ग आहे, तो पुरता जोडा. साडेअठ्ठावीस मैलांपैकी पहिले सात मैल आपण अँडोव्हरपर्यंत हाती घेतलेत. त्यापुढच्या २१ मैलांचे काय, ते सांगा.

पत्राची इंग्रजी प्रत तिन्ही कार्यालयांना टपालाने वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते पार्सिपनी, डेनव्हिल, डोव्हर, मॉरिस प्लेन्स या पट्ट्यातल्या मराठी घरांसाठी. आपली माणसे रोज या रेल्वेने जातात, पोकोनोच्या डोंगरात सुटी घालवायला जातात, मुलांना पेनसिल्व्हेनियात शिकायला धाडतात. पण आपल्या डोव्हरच्या गाडीच्या पुढे एके काळी थेट बफेलोपर्यंत गाडी जात होती हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. जे होते ते माहीत नसेल तर ते परत मागायचे कुणाला सुचणार?

या रेल्वेचे मूळ पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन गावच्या लोखंडाच्या भट्ट्यांत आहे. स्क्रॅन्टन कुटुंबाने तिथल्या दरीत भट्ट्या उभारल्या, आणि १८४७ पासून तिथे एरी रेल्वेसाठी रूळ तयार होऊ लागले. तोवर अमेरिकेत रूळ मुख्यतः इंग्लंडहून जहाजाने येत. स्वतःचा माल आणि खाणीतला कोळसा बाहेर काढायला मग त्यांनी स्वतःचीच रेल्वे बांधली. १८५१ मध्ये स्क्रॅन्टनहून उत्तरेला ग्रेट बेंडपर्यंत पहिली गाडी धावली, १८५३ मध्ये दक्षिणेकडची कंपनी तिच्यात मिळाली आणि डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न हे लांबलचक नाव तयार झाले. सुरुवातीला रुळांमधले अंतर सहा फूट होते, एरीला जुळावे म्हणून. ते १८७६ मध्ये बदलून सगळीकडच्यासारखे केले. १८६८ मध्ये कंपनीने मॉरिस अँड एसेक्स रेल्वे कायमच्या भाड्याने घेतली आणि हडसन नदीच्या काठाला, होबोकनला पोचली. मी रोज जिच्यावरून जाते ती हीच वाट. तिचा नेवार्कजवळचा भाग १८३६ चा, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याच्या सतरा वर्षे आधीचा. १८८२ मध्ये दुसरे टोक बफेलोला टेकले. होबोकन ते बफेलो, ३९६ मैल. अमेरिकेच्या मानाने ही काही मोठी रेल्वे नव्हे. तीन राज्यांत मावणारी, पण भरभराटीची. कारण तिच्या मधोमध अँथ्रासाइटची खाण होती.

अँथ्रासाइट हा कठीण, चकचकीत कोळसा. जळताना धूर जवळजवळ होत नाही. इतर रेल्वेंच्या गाड्यांतून उतरणाऱ्या प्रवाशांचे कपडे काजळीने काळे व्हायचे, लॅकवानाच्या प्रवाशांचे होत नसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने जाहिरातीसाठी फीबी स्नो नावाची एक काल्पनिक बाई उभी केली. पायघोळ पांढरा झगा, पांढरी टोपी, हातात जांभळ्या फुलांचा गुच्छ. ती होबोकनहून बफेलोला निघते आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तिचा झगा पांढराच राहतो, एवढीच गोष्ट, आणि तीच यमकात बांधून पुन्हा पुन्हा सांगितलेली. पहिल्या महायुद्धात अँथ्रासाइट युद्धाच्या कामाला लागला, रेल्वे इंजिनांना मिळेनासा झाला, आणि फीबीची जाहिरात थांबली. पण लोकांनी तिला लक्षात ठेवले. तीस-पस्तीस वर्षांनी तिच्याच नावाने गाडी सुटली, ते पुढे येईलच.

कोळशाच्या पैशाचे या कंपनीने काय केले, ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

१८९९ मध्ये विल्यम ट्रूसडेल अध्यक्ष झाले आणि पंचवीस-सव्वीस वर्षे राहिले. त्यांच्यासमोर एक जुनाट, नागमोडी मार्ग होता. लेक होपॅटकाँगजवळून निघून हॅकेट्सटाउन, वॉशिंग्टन, ऑक्सफर्ड अशी वळणे घेत, दोन बोगद्यांतून डेलावेअर वॉटर गॅपला जाणारा, जवळजवळ ४० मैलांचा. चढ कडक, वळणे तीव्र. कोळशाने भरलेली गाडी त्यावरून ओढायची म्हणजे घाटच. आमच्या कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. तशीच मागून ढकलणारी इंजिने स्क्रॅन्टनहून पोकोनोचा डोंगर चढायला लागत. पोकोनोचा डोंगर तर हलवता येणार नव्हता. पण न्यू जर्सीतली वाट सरळ करता येत होती, आणि ट्रूसडेलनी ती करायचे ठरवले.

१९०८ मध्ये काम सुरू झाले आणि २४ डिसेंबर १९११ रोजी कट-ऑफ उघडला. तीन वर्षे आणि सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. मार्ग ११ मैलांनी आखूड झाला, चढ निम्म्यावर आला. वळणे इतकी सौम्य की ताशी ७० मैलांनी गाडी जावी. मधे आलेल्या दऱ्या भरावांनी आणि पुलांनी ओलांडल्या, टेकड्या सुरुंगांनी फोडल्या. पेक्वेस्ट नदीच्या खोऱ्यातला भराव ३ मैलांहून लांब आणि काही ठिकाणी ११० फूट उंच आहे. त्यात सुमारे ६६ लाख घन यार्ड माती-दगड आहे. ही माती मिळावी म्हणून कंपनीने आजूबाजूची शेतेच्या शेते विकत घेऊन खणली. रोझव्हिलला खोल कटिंग काढायचे ठरले होते; पण खडक ठिसूळ निघाला, कडा ढासळू लागला, म्हणून मध्येच बेत बदलून १,०२४ फुटांचा बोगदा खोदला. पॉलिनस्किल नदीवरचा पूल १,१०० फूट लांब आणि ११५ फूट उंच, सात कमानींचा. उघडला तेव्हा प्रबलित काँक्रीटचे एवढे मोठे बांधकाम जगात दुसरे नव्हते असे सांगतात. डेलावेअरवरचा पूल त्याहून लांब, १,४५० फूट.

आणि या सबंध साडेअठ्ठावीस मैलांत एकही फाटक नाही. प्रत्येक रस्ता एक तर वरून जातो किंवा खालून. हे मुकादमाच्या मुलीला फार मोठे वाटते. फाटकावर काय होऊ शकते ते याच रेल्वेने १९२५ च्या जूनमध्ये पाहिले. शिकागोहून जर्मन वंशाच्या प्रवाशांना घेऊन होबोकनला निघालेली खास गाडी जुन्या मार्गाने येत होती. रात्री वादळी पाऊस झाला आणि रॉकपोर्टजवळच्या एका फाटकावर चिखलगाळ वाहून आला. गाडी घसरली, इंजिन उलटले आणि कोंडलेल्या वाफेने सुमारे पन्नास माणसे गेली. युरोपला जाणारे जहाज गाठायला निघालेले लोक होते ते.

स्क्रॅन्टनच्या पुढे निकल्सनला टंकहॅनॉकचा पूल आहे, १९१५ चा, २,३७५ फूट लांब आणि पाण्यापासून २४० फूट उंच. त्यावर आज मालगाड्या धावतात. तो एकदा जाऊन बघावा असा आहे, पण या पत्राचा विषय अलीकडचा आहे म्हणून पुढे जाते.

होबोकनचे टर्मिनल १९०७ चे. तांब्याने मढवलेले, आत रंगीत काचेचे छत असलेले, एकीकडे आगगाड्या आणि दुसरीकडे मॅनहॅटनला नेणाऱ्या बोटी. लॅकवानाची गाडी मॅनहॅटनला कधी पोचलीच नाही. प्रवाशाला शेवटचा टप्पा पाण्यावरून करावा लागे. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग आहे. त्याच टर्मिनलमधून ३ सप्टेंबर १९३० रोजी पहिली विजेची गाडी माँटक्लेअरकडे निघाली आणि तिचे हँडल थोडा वेळ ८३ वर्षांच्या थॉमस एडिसनच्या हातात होते. त्याच वर्षी १ जूनला मुंबईहून पुण्याला विजेवर डेक्कन क्वीन सुरू झाली होती. वडिलांना मी हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोघी एकाच वर्षाच्या." एडिसनने चालवली त्या वर्गाचे डबे १९८४ पर्यंत, चौपन्न वर्षे माणसे वाहत राहिले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर मोटार आणि विमान रेल्वेचे प्रवासी पळवू लागले होते. अशा काळात लॅकवानाचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम व्हाइट यांनी माघार घेतली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी जुन्या लॅकवाना लिमिटेडच्या जागी नवी कोरी डिझेल गाडी सोडली: राखाडी आणि मरून रंग, मधे पिवळे पट्टे, शेवटी लाउंज असलेला निरीक्षण डबा. नाव फीबी स्नो. सकाळी होबोकनहून निघून सुमारे आठ तासांत बफेलो. वाटेत डेलावेअर वॉटर गॅप, पोकोनो, स्क्रॅन्टन, बिंगहॅम्टन, एल्मायरा. पोकोनोतली हॉटेले या गाडीच्या पाहुण्यांवर चालत.

मग एकामागोमाग घाव बसत गेले. ऑगस्ट १९५५ मध्ये डायेन वादळाच्या पावसाने स्ट्राउड्सबर्गच्या परिसरात हाहाकार केला. मैलोन्‌मैल रूळ आणि त्यांखालचा भराव वाहून गेला, मार्ग कित्येक आठवडे बंद पडला आणि दुरुस्तीत कंपनीची शिल्लक संपली. घरे तेलाने आणि वायूने गरम होऊ लागल्याने कोळशाची मागणी आधीच घसरली होती. जानेवारी १९५९ मध्ये पिट्स्टनजवळ नॉक्स खाणीचे छप्पर फुटून सस्क्वेहाना नदी खाणीत शिरली. बारा खाणकामगार बुडाले आणि त्या खोऱ्यातली खोल खाणकामे हळूहळू बंद झाली. ज्या कोळशावर ही रेल्वे उभी होती, तोच संपला. १७ ऑक्टोबर १९६० रोजी लॅकवाना आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी एरी एक झाल्या. नव्या कंपनीने फीबी स्नोचे नाव पुसले. १९६३ मध्ये व्हाइट परत अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी ते पुन्हा लावले. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये ती कायमची थांबली. जानेवारी १९७० मध्ये लेक सिटीज ही शेवटची लांब पल्ल्याची गाडी गेली. त्यानंतर आजतागायत स्क्रॅन्टनहून न्यूयॉर्कला नियमित प्रवासी गाडी नाही. १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक सुरू झाली तेव्हा तिच्या नकाशात स्क्रॅन्टन नव्हतेच. १९३० मध्ये १ लाख ४३ हजार वस्तीचे हे शहर २०२० च्या जनगणनेत ७६ हजारांवर आले. याचे सगळे खापर रेल्वेवर फोडता येणार नाही, खाणी बंद पडल्या हे मोठे कारण. पण काम गेलेल्या गावातून बाहेर कामाला जायची गाडीही काढून घेतली, हेही खरे.

इथवर जे झाले त्याला काळ म्हणता येईल. पूर आला, कोळसा संपला, माणसे मोटारीत बसली. पुढचे मात्र माणसांनी टेबलाशी बसून ठरवले. १९७६ मध्ये दिवाळखोर रेल्वे एकत्र करून कॉनरेल झाली. तिला शिकागोकडची मालवाहतूक दुसऱ्या मार्गांनी नेणे सोयीचे वाटले आणि १९७९ च्या सुरुवातीला कट-ऑफवरची वाहतूक थांबली. १९८४ मध्ये रूळ उखडले. जी वाट न्यू जर्सीतल्या सगळ्या डोंगरी मार्गांत सरळ आणि सौम्य होती, जिच्यावर एक फाटक नव्हते, तिचे लोखंड काढून नेले. जमीन खासगी विकासकांकडे गेली. २००१ मध्ये न्यू जर्सी राज्याने ती परत घेतली. हे आपल्या आधीच्या लोकांनी फार चांगले काम केले आणि त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. त्या वेळी ते झाले नसते तर आज मागायला काही उरले नसते.

पलीकडे पेनसिल्व्हेनियाने आणखी शहाणपण दाखवले. स्क्रॅन्टन ते स्लेटफर्ड हे रूळ त्यांनी काढू दिले नाहीत. सरकारी संस्थेने ते विकत घेतले, १९९३ पासून डेलावेअर-लॅकवाना ही छोटी रेल्वे त्यावर मालगाड्या चालवते आणि स्क्रॅन्टनमधल्या स्टीमटाउन या रेल्वेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाहून वाफेच्या नाहीतर जुन्या डिझेल इंजिनाने पर्यटकांच्या गाड्या डोंगर चढतात. म्हणजे चित्र असे आहे: डोव्हर आणि लेक होपॅटकाँगपर्यंत आपली रोजची गाडी आहे. स्लेटफर्डपासून स्क्रॅन्टनपर्यंत रूळ जिवंत आहेत. मधला तुकडा तेवढा उघडा पडला आहे.

तो तुकडा कसा आहे, ते मी पाहिले आहे. हेन्सबर्गजवळ पॉलिनस्किलच्या काठाने चालायची एक पायवाट आहे, ती त्या पुलाच्या खालून जाते. गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी मुलगी तिथे गेलो होतो. मान मागे टाकून वर पाहिले तरी कमानीचा माथा नजरेत मावत नाही. काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत, कुठे कुठे आतली सळई दिसते, खांबांवर रंगाने नावे लिहिलेली आहेत. पण खांब ओळंब्यात आहेत. एकशे चौदा वर्षांत तो पूल कलला नाही, खचला नाही, आणि त्यातली चाळीसहून अधिक वर्षे त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेले नाही. वडील असते तर खांबाला हात लावून म्हणाले असते, काम पक्के आहे. नवीन वाट बांधताना सगळ्यात जास्त पैसा जमीन मिळवण्यात, डोंगर फोडण्यात, दरी भरण्यात जातो. ते सगळे काम ट्रूसडेलच्या माणसांनी १९११ मध्ये करून ठेवले. राहिले आहे ते पुलांची दुरुस्ती, पाण्याच्या मोऱ्या, खडी, स्लीपर, रूळ आणि सिग्नल. हे स्वस्तात होईल असे मी म्हणत नाही. हे दुसऱ्यांदा कुणालाही परवडणार नाही, म्हणून आहे ते वापरा असे म्हणते.

माझी मुलगी स्क्रॅन्टनला शिकते. २०२५ च्या मार्चमध्ये तिला ताप आला म्हणून आणायला निघाले. डेनव्हिलहून स्क्रॅन्टन म्हणजे रूट ८० ने पावणेदोन तास. पण त्या हिवाळ्यात व्हार्टनजवळ महामार्गाखाली जुन्या लोखंडाच्या खाणींपायी खड्डे पडले. पहिला २०२४ च्या डिसेंबरात, मग फेब्रुवारीत, मग मार्चमध्ये. रस्ता कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या बाजूने बंद. त्या दिवशी मला पोचायला साडेतीन तास लागले, परतताना त्याहून जास्त. मागच्या सीटवर ती डोळे मिटून पडली होती. बसचा पर्याय मी आधीच पाहिला होता. ज्या कंपनीची बस मिळाली असती, तिने महिन्यापूर्वी तिला डोंगरातल्या एका पेट्रोलपंपावर दोन तास उभे केले होते. अंधार पडल्यावर आम्ही डेलावेअरपाशी आलो तेव्हा वाहतूक पुन्हा तुंबली आणि आमची गाडी नेमकी लॅकवानाच्या पुलाखाली थांबली. रूट ८० तिथे त्या पुलाच्या कमानीखालूनच जातो. ज्यांनी त्या रस्त्यावर प्रवास केला आहे त्या सगळ्यांनी ती कमान पाहिली आहे. पंचवीस मिनिटे मी तिच्याखाली बसून होते. वर पूर्ण रिकामी वाट, खाली हजारो गाड्यांचे लाल दिवे.

रूट ८० हा न्यूयॉर्क आणि पोकोनोला जोडणारा जवळजवळ एकमेव सरळ रस्ता आहे. पोकोनोतल्या मनरो काउंटीतून हजारो माणसे पहाटे चार-साडेचारला उठून त्यावरून न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कला कामाला येतात. त्यांत नर्सेस आहेत, गोदामांत राबणारे आहेत, न्यूयॉर्कमध्ये घर परवडत नाही म्हणून डोंगरात राहायला गेलेली कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी दुसरी वाट नाही. एका खड्ड्याने काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले.

आता आपल्या कामाविषयी. २०११ मध्ये पोर्ट मॉरिसला पहिले रूळ पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात पेढे वाटले होते. अँडोव्हर सात मैलांवर. तेव्हापासून परवानग्या, मोरी, रोझव्हिलचा बोगदा असे काही ना काही निघत गेले आणि तारीख पुढे गेली. बोगद्याचे काम अवघड आहे हे मला समजते. तो खडक १९०९ मध्येही माणसांना त्रास देत होता. पण ज्या सात मैलांना इतकी वर्षे लागली, त्यांच्यापेक्षा जास्त माती आणि पूल असलेले साडेअठ्ठावीस मैल तीन वर्षांत बांधले होते, हे माझ्या मनातून जात नाही. त्या काळी मजुरांच्या जिवाची किंमत कमी होती, पर्यावरणाचे नियम नव्हते, हे मान्य. तसे काम कुणी करू नये. तरीही हे अंतर खूपच मोठे आहे.

अ‍ॅमट्रॅकच्या २०२३ च्या अभ्यासात स्क्रॅन्टन ते न्यूयॉर्क अशा जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या रोज तीन जोड्यांचा आणि तीन तासांच्या आतल्या प्रवासाचा विचार मांडला आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघीय रेल्वे प्रशासनाने हा मार्ग आपल्या कॉरिडॉर कार्यक्रमात निवडला आणि पहिल्या टप्प्याच्या तयारीसाठी ५ लाख डॉलर ठरवले. हे वाचून मला झालेला आनंद मी लपवणार नाही. आणि त्यात एक गोष्ट आहे जी फीबी स्नोलाही जमली नव्हती. १९९६ मध्ये कर्नीला दोन मार्गांना जोडणारे रूळ पडल्यापासून मॉरिस अँड एसेक्सची गाडी होबोकनऐवजी थेट मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला जाऊ शकते. वीज आणि डिझेल दोन्हींवर चालणारी इंजिने न्यू जर्सी ट्रान्झिटकडे आहेतच. म्हणजे १८५१ पासून आजवर जे कधी झाले नाही ते होऊ शकेल: स्क्रॅन्टनमध्ये गाडीत बसलेला माणूस डबा न बदलता, बोटीत न चढता मॅनहॅटनमध्ये उतरेल. पेन स्टेशनला जागा नाही आणि हडसनखालचे १९१० चे बोगदे दमले आहेत, हे उत्तर मला अपेक्षित आहे. नवे बोगदे होत आहेत. ते पूर्ण होतील त्या दिवशी कट-ऑफही तयार असला पाहिजे; तोवर हात जोडून बसलो तर पुन्हा पंधरा वर्षे जातील.

माझी भीती अशी आहे की अँडोव्हरला गाडी पोचेल, फीत कापली जाईल, आणि सगळे समाधानाने घरी जातील. अँडोव्हर हे रानातले छोटे स्थानक आहे. तिथून चढणारे प्रवासी मोजके असतील. मग कुणीतरी आकडे दाखवून म्हणेल, बघा, एवढे करून माणसे येत नाहीत, पुढे कशाला जायचे? सात मैलांच्या तुकड्यावरून अठ्ठावीस मैलांच्या मार्गाचा निवाडा करणे म्हणजे कर्जतपर्यंत रूळ टाकून पुण्याचे प्रवासी मोजणे. घाट चढून वर गेल्याशिवाय ती वाट कुणाच्याच उपयोगाची नाही.

म्हणून आपल्याकडे पुढील गोष्टींचा लेखी खुलासा मागते. अँडोव्हर ते स्लेटफर्ड या २१ मैलांचे सविस्तर संकल्पचित्र कधी सुरू होणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार? पॉलिनस्किल आणि डेलावेअरच्या पुलांची शेवटची संपूर्ण तपासणी कधी झाली, आणि गाडी येईपर्यंत त्यांत पाणी मुरू नये म्हणून आत्ता काय करत आहात? पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला रूळ आहेतच, तर तिथली स्थानके आणि सिग्नल यांचे काम न्यू जर्सीची वाट न बघता सुरू करता येईल का? आणि हा मार्ग मुळात दोन रुळांचा बांधलेला आहे. आता एकच रूळ टाकलात तरी दुसऱ्याची जागा खांब, कुंपण किंवा केबल टाकून अडवू नका. ब्लेअर्सटाउनचे जुने काँक्रीटचे स्टेशन अजून उभे आहे, तेही सांभाळा.

पार्सिपनी-डेनव्हिलच्या आपल्या लोकांनाही इथेच सांगते. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या मंडळाच्या बैठका जाहीर असतात, तिथे कुणालाही नाव नोंदवून काही मिनिटे बोलता येते. मी दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा कट-ऑफवर बोलणारे बरेचसे पांढऱ्या केसांचे होते, ज्यांनी लहानपणी फीबी स्नो डोळ्यांनी पाहिली होती असे. ते फार आस्थेने बोलतात. पण मंडळाला त्यांच्या आठवणीच ऐकू येतात. पहाटे साडेचारला ईस्ट स्ट्राउड्सबर्गहून निघणारी नर्स तिथे येऊ शकत नाही, ती त्या वेळी रूट ८० वर असते. तिच्या वतीने आपण जाऊ शकतो.

माझी मुलगी २०२७ मध्ये पदवी घेईल. तिच्या शिक्षणात ही गाडी येणार नाही, हे मी धरून चालले आहे. वडील आता नाहीत. त्यांचा कंदील माझ्याकडे आहे, देवघराच्या बाजूला ठेवला आहे. पुढच्या बैठकीला मी येणार आहे आणि वरचे प्रश्न तिथे पुन्हा विचारणार आहे. त्याआधी आपले उत्तर आले तर ते या पत्राच्या सर्व वाचकांपर्यंत मी जसेच्या तसे पोचवीन.

आपली,
डेनव्हिल स्थानकावरची एक रोजची प्रवासी